मोहनदासची पहिली बोट



आपले इंदूर समुद्रापासून फार लांब. आम्ही स्वतः समुद्र पाहिला तो बावीस वर्षांचे झाल्यावर. मुंबईला एका लग्नाला गेलो होतो आणि सोबतच्या मंडळींनी हट्टाने एलिफंटाच्या लहान बोटीत बसवले. कठडा इतका घट्ट धरून ठेवला होता की उतरल्यावर बोटे दुखत होती. लेणी काय पाहिली ते आज आठवत नाही, कठडा मात्र आठवतो.

या अंकासाठी गांधीजींवर लिहावे असे ठरले, तेव्हा हाच कठडा डोळ्यांपुढे आला. चंपारण, दांडी, चले जाव हे सर्व तुमच्या पाठ्यपुस्तकात आहे. ते पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही. आम्ही तुम्हाला एका अठरा वर्षांच्या मुलाबद्दल सांगणार आहोत. हा मुलगा बोटीत बसला आणि बरेच दिवस केबिनच्या बाहेर पडायलाच तयार होईना.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला झाला. वडील दिवाण होते, पण मुलगा दिवाणाच्या घरात शोभेल असा मुळीच नव्हता. शाळा सुटली की तो पळतच घरी येई. खेळायची घाई म्हणून नव्हे, तर वाटेत कोणी बोलायला लागेल, थट्टा करेल, या धास्तीने. अंधाराची भीती, भुतांची भीती, चोरांची आणि सापांची भीती. खोलीत दिवा नसेल तर त्याला झोप येत नसे. रंभा नावाच्या दाईने त्यावर रामनामाचा उपाय सांगितला होता. त्या काळच्या रीतीप्रमाणे तेराव्या वर्षी लग्न झाले, तरी भीती काही गेली नाही. शेजारी निजलेल्या कस्तुरबांना अंधाराचे काहीच वाटत नाही, हे पाहून त्याला स्वतःची लाज वाटे. हे सर्व पुढे त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवले आहे, म्हणून आपल्याला कळते. एरवी अशा गोष्टी कोण सांगतो?

१८८७ साली मोहनदास मॅट्रिक झाला आणि भावनगरच्या सामळदास कॉलेजात गेला. तिथला अभ्यास झेपेना, तेव्हा एक सत्र करून परत आला. मावजी दवे नावाचे घराण्याचे जुने हितचिंतक होते. त्यांनी सुचवले की मुलाला विलायतेला पाठवा, बॅरिस्टर करून आणा. घरात वडील नव्हते, ते १८८५ मध्ये वारले होते. आई पुतळीबाईंना काळजी अशी की तिकडे गेलेली मुले मांस खातात, दारू पितात. शेवटी बेचरजी स्वामी या जैन साधूंसमोर मुलाने तीन व्रते घेतली, मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची. तेव्हा आईने होकार दिला.

पोरबंदरच्या काकांचा सल्लाही घ्यायचा होता. राजकोटहून तिकडे बैलगाडीने पाच दिवस लागत. अंधाराला भिणारा हा मुलगा एकटाच निघाला आणि धोराजीपासून पुढे, एक दिवस वाचावा म्हणून, चक्क उंटावर बसला. उंटावर बसण्याची त्याची ती पहिलीच वेळ. विलायतेला जायची ओढ एवढी होती की त्या वेळी भीती कुठे गेली ते त्याला कळलेच नाही. पण भीती कायमची गेली असे मात्र समजू नका. राजकोटच्या शाळेने निरोप-समारंभ केला, त्यात आभाराचे चार शब्द लिहून नेले होते. ते वाचताना डोके गरगरू लागले, अंग थरथरू लागले आणि कसेबसे अडखळत ते शब्द बाहेर पडले. उंटावर बसणारा आणि सभेत थरथरणारा मुलगा एकच, हे ध्यानात ठेवावे.

समुद्राची भीती मोहनदासला फारशी नव्हती, ती घरच्यांना होती. थोरले भाऊ लक्ष्मीदास त्याला घेऊन मुंबईला आले, तेव्हा स्नेहीमंडळींनी सांगितले की जून-जुलैत समुद्र खवळलेला असतो, मुलाचा पहिलाच जलप्रवास, तेव्हा दिवाळी होऊ द्या आणि मग नोव्हेंबरात पाठवा. त्यातच कोणीतरी बातमी आणली की नुकतीच एक बोट वादळात बुडाली. भावाचा धीर सुटला. ही भीती पोकळ नव्हती. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा अरबी समुद्र घुसळून काढतो. कोकणातले आपले कोळी बांधवसुद्धा नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. लक्ष्मीदासांनी धाकट्या भावाला मुंबईत एका मित्राकडे ठेवले, प्रवासाचे पैसे मेहुण्यांपाशी दिले आणि ते राजकोटला परतले.

मुंबईतले ते दिवस मुलाला फार जड गेले. त्यातच जातीची सभा भरली. मोढ वाण्यांपैकी तोवर कोणी विलायतेला गेले नव्हते. समुद्र ओलांडणे धर्माला मान्य नाही, असे शेटजींनी सांगितले. इथे आम्ही दर वेळी थांबतो. शाळेच्या समारंभात आभार मानताना ज्याची दातखीळ बसली, तो मुलगा जातीच्या भरल्या सभेत उभा राहिला आणि आपण आईला वचन दिले आहे, आपण जाणारच, असे न अडखळता सांगून मोकळा झाला. एवढा धीर त्या दिवशी आला कुठून, हे पुढे त्यालाही सांगता आले नाही. आम्हाला वाटते, समारंभात काहीतरी चांगले बोलायचे होते आणि सभेत खरे तेवढेच सांगायचे होते. दोन्हींत फरक आहे. शेटजी संतापले. मुलाला जातीबाहेर टाकले, आणि जो कोणी त्याला मदत करील किंवा निरोप द्यायला धक्क्यावर जाईल त्याला सव्वा रुपया दंड, असे फर्मान निघाले.

सव्वा रुपया त्या काळी काही अगदीच लहान रक्कम नव्हती, पण खरी अडचण वेगळीच आली. मेहुणे जातीला भ्याले आणि त्यांच्यापाशी ठेवलेले पैसे द्यायला तयार होईनात. शेवटी घरच्या एका स्नेह्याने भाड्यापुरते पैसे दिले आणि ते नंतर लक्ष्मीदासांकडून घ्यायचे ठरले. कपडे शिवून झाले. आखूड कोट मुलाला निर्लज्जपणाचा वाटला, आणि टाय तर नकोच वाटला. जुनागढचे वकील त्र्यंबकराय मजमुदार त्याच बोटीने जाणार होते, त्यांच्या केबिनमध्ये जागा मिळाली. ४ सप्टेंबर १८८८ रोजी ‘क्लाइड’ या आगबोटीने मुंबई सोडली. मागे राजकोटला आई, तरुण पत्नी आणि काही महिन्यांचा मुलगा.

आता गंमत पाहा. ज्या समुद्राला सर्वजण भीत होते, त्याने मोहनदासला काहीच त्रास दिला नाही. त्याला बोट लागली नाही, मळमळही झाली नाही. भीती वाटली ती जेवण वाढणाऱ्या नोकराची! त्याच्याशी इंग्रजीत बोलायचे कसे? दुसऱ्या वर्गात मजमुदार सोडले तर सर्व उतारू इंग्रज. ते बोलत ते याला कळत नसे, आणि कळले तरी उत्तर देता येत नसे. प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवायचे आणि मग बोलायचे. तोवर समोरचा निघून गेलेला असे. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले. नोकरीच्या सुरुवातीला एका बैठकीत इंग्रजीत बोलायची पाळी आली, तेव्हा आम्हीही अगदी असेच वाक्य जुळवत बसलो होतो आणि विषय पुढे सरकला होता. म्हणून हा प्रसंग आम्ही हसून वाचू शकत नाही.

टेबलावर जेवायला जावे तर सुरी-काटा धरता येत नाही, आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारायची हिंमत नाही. तेव्हा मोहनदासने सोपा मार्ग काढला. घरून आणलेली मिठाई आणि फळे केबिनमध्ये बसून खायची. दिवसभर आतच राहायचे आणि डेकवर माणसे कमी झाली की हळूच बाहेर यायचे. मजमुदार सर्वांत मिसळत, हिंडत, फिरत. ते याला परोपरीने समजावीत की वकिलाची जीभ चालली पाहिजे, इंग्रजी आपली भाषा नव्हे, चुका होणारच, तरी बोलत राहावे. सल्ला अगदी योग्य होता. उपयोग मात्र शून्य झाला. पालकांनी आणि आम्हा शिक्षकांनी याची नोंद घ्यावी. मागे आमच्या एका विद्यार्थिनीला वक्तृत्व स्पर्धेत चार ओळींनंतर पुढचे आठवेना. ती खाली आली तेव्हा आम्ही तिला भिण्यासारखे त्यात काय आहे, असे विचारले. ती काहीच बोलली नाही आणि नंतर कधी मंचावर आली नाही. आज वाटते, ते वाक्य आम्ही बोलायला नको होते.

शेवटी या मुलाला केबिनबाहेर काढले ते एका प्रौढ इंग्रज उतारूने. त्याने उपदेश केला नाही. तू कोण, कुठला, काय खातोस, कुठे चाललास, एवढेच विचारत राहिला, आणि मुलगा उत्तरे देत गेला. मांस न खाण्याचा निश्चय ऐकून तो हसला. तांबड्या समुद्रापर्यंत ठीक आहे, पण बिस्केच्या उपसागरात थंडी लागली की विचार बदलेल, असे त्याचे म्हणणे. बिस्केचा उपसागर आला आणि गेला, विचार काही बदलला नाही. मग मोहनदासने त्याच गृहस्थाकडून आपण मांस खाल्ले नाही असे प्रमाणपत्र लिहून घेतले आणि ते जपून ठेवले. असे प्रमाणपत्र मांस खाणाऱ्यालाही मिळू शकते, हे पुढे लक्षात आल्यावर त्याचे अप्रूप संपले.

बोटीवर तो काळा सूट वापरी. पांढऱ्या फ्लॅनेलचे कपडे उतरताना घालण्यासाठी खास राखून ठेवले होते. सप्टेंबर संपत आलेला, थंडी सुरू झालेली, आणि उतरल्यावर पाहतो तो साऱ्या गर्दीत पांढरे कपडे घातलेला हा एकटाच! बदलायला दुसरे काही हाताशी नव्हते, कारण सामान आणि किल्ल्या एजंटाकडे गेलेल्या आणि दुसरा दिवस रविवार. लंडनच्या हॉटेलात डॉक्टर प्राणजीवन मेहता भेटायला आले ते हे ध्यान पाहून हसले. त्यांची उंच टोपी मोहनदासने सहज हातात घेतली आणि तिच्या लवेवरून उलटा हात फिरवला. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, हा विलायतेतला त्याचा पहिला धडा.

लंडनची तीन वर्षे तुम्ही इतरत्र वाचाल. आमच्या विषयापुरते एवढेच की संकोच तिथेही सुटला नाही. शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत त्यांना घेतले होते, पण सभेत ते गप्प बसत. एकदा व्हेंटनर या गावी शाकाहारावर बोलायचे होते. भाषण जेमतेम एक कागद भरेल एवढे लिहिलेले. वाचायला उभे राहिले, तर अक्षरे दिसेनात आणि हात कापू लागले. ते भाषण दुसऱ्याने वाचून दाखवले. वाचणारे कोण? तेच मजमुदार, बोटीवरचे! पुढे १९१८ मध्ये आणि पुन्हा १९३५ मध्ये आपल्या इंदुरात हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारे गांधीजी ते हेच, यावर सहज विश्वास बसत नाही.

१० जून १८९१ रोजी बॅरिस्टरीची सनद मिळाली आणि १२ जूनला ते परतीच्या बोटीत बसले. महिना लक्षात घ्या. तीन वर्षांपूर्वी ज्या जून-जुलैच्या समुद्राला घाबरून भावाने अडवून ठेवले होते, त्याच समुद्रातून आता यायचे होते. एडनपासून पुढे समुद्र खरोखरच खवळला. जवळजवळ सगळे उतारू आडवे झाले. सकाळच्या न्याहारीला एक-दोन जणच येत आणि लापशीची बशी सांडू नये म्हणून मांडीवर सांभाळून धरत. मोहनदास मात्र डेकवर उभे राहून अंगावर उडणाऱ्या लाटा मजेत पाहत होते. मनात वादळ होते ते वेगळे. आता वकिली कशी करायची, आपल्याला बोलता कुठे येते, हे.

मुंबईच्या धक्क्यावर लक्ष्मीदास घ्यायला आले होते. आई कुठे आहे हे विचारायच्या आधीच कळले की आई गेली. परदेशात एकट्या मुलाला धक्का बसू नये म्हणून ती बातमी घरच्यांनी त्याला कळवलीच नव्हती. ज्या तीन वचनांवर हा सारा प्रवास उभा होता, ती पाळली हे आईला सांगण्याची इच्छा मनातच राहिली. जातीतला बहिष्कार निवळावा म्हणून भावाने त्यांना आधी नाशिकला नेले, गोदावरीत स्नान घातले आणि मग राजकोटला जातीला जेवण दिले.

मुंबईत पहिला खटला मिळाला तो ममीबाई नावाच्या बाईंचा, लघुवाद न्यायालयात, तीस रुपयांचा. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला बॅरिस्टर गांधी उभे राहिले आणि डोळ्यांपुढे सारे न्यायालय गरगरू लागले. एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले, फी परत केली आणि निकाल काय लागला हे पाहायलाही थांबले नाहीत. व्हेंटनरला निदान मजमुदार होते.

मग एप्रिल १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेची बोट आली. दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या एका खटल्याच्या कामासाठी जायचे होते. पहिल्या वर्गात एकही जागा शिल्लक नव्हती. तेव्हा गांधीजी थेट बोटीवर गेले, मुख्य अधिकाऱ्याला भेटले आणि कुठेतरी सामावून घ्या म्हणून विनंती केली. त्याने आपल्याच केबिनमधली जास्तीची जागा दिली. वाढणाऱ्या नोकराशी बोलायला पाच वर्षांपूर्वी ज्याची जीभ वळत नव्हती, तो हा माणूस. वाटेत बोटीच्या कप्तानाशी बुद्धिबळ खेळत ते गेले. कप्तान नवशिका होता आणि त्याला आपल्याहून कच्चा गडी हवा होता. तो त्याला मिळाला!

आगगाडीतून उतरवून दिल्याचा प्रसंग तुम्हाला ठाऊक आहे. त्यानंतर प्रिटोरियाला पोचल्यावर त्यांनी तिथल्या हिंदी लोकांची सभा बोलावली आणि ते बोलले. त्यांच्या आयुष्यातले हे पहिले जाहीर भाषण मानतात. विषय होता व्यापारातील सचोटी. समोर बहुतेक मेमण व्यापारी, आणि व्यापारात खरे बोलून चालत नाही असे मानणारे. डोके गरगरले नाही. एवढेच नव्हे, तर एक न्हावी, एक कारकून आणि एक लहान दुकानदार यांना ते इंग्रजी शिकवू लागले. त्यांना सवड नसे, म्हणून त्यांच्या दुकानी जाऊन शिकवत. आमच्या मते हा प्रसंग गाडीतल्या प्रसंगाइतकाच मोठा आहे, पण याचे चित्र कोणी काढत नाही.

१८९६ च्या अखेरीस कस्तुरबा आणि मुलांना घेऊन ते ‘कुरलँड’ बोटीने पुन्हा निघाले. सोबत ‘नादेरी’ ही दुसरी बोट. दोन्हींवर मिळून सुमारे ८०० उतारू. नाताळ चार दिवसांवर असताना भयंकर वादळ झाले. बोट इतकी हेलकावू लागली की आता उलटणारच असे वाटावे. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सारे एकत्र देवाला आळवू लागले. कप्तान सांगत होता की बोट मजबूत आहे, अशी वादळे पुष्कळ पाहिली, पण कोण ऐकतो? त्या चोवीस तासांत गांधीजी केबिनमध्ये नव्हते. त्यांना बोट लागत नसे, म्हणून ते उतारूंमध्ये फिरत होते, धीर देत होते आणि दर तासाला कप्तानाकडून खबर आणून सर्वांना सांगत होते. वादळ शमले, आकाश निवळले आणि मंडळी पुन्हा खाणे-पिणे, गाणे यांत रमली. प्रार्थनेतला तो गंभीरपणाही ओसरला. हे निरीक्षणही त्यांचेच आहे.

खरे वादळ किनाऱ्यावर वाट पाहत होते. मुंबईत प्लेग असल्याचे कारण देऊन बोटी बंदराबाहेर अडकवून ठेवल्या, गोऱ्यांनी त्या परत पाठवण्याची मागणी केली, आणि १३ जानेवारी १८९७ रोजी गांधीजी डरबानला उतरले तेव्हा जमावाने त्यांना दगड, अंडी आणि लाथांनी मारले. पोलीस अधीक्षकांच्या पत्नी, अलेक्झांडरबाई, छत्री उघडून मध्ये उभ्या राहिल्या म्हणून जीव वाचला. मारणाऱ्यांवर फिर्याद करायला गांधीजींनी नकार दिला.

नंतरच्या बोटींविषयी थोडक्यात. नोव्हेंबर १९०९ मध्ये इंग्लंडहून आफ्रिकेला परतताना ‘किल्डोनन कॅसल’ या बोटीवर त्यांनी दहा दिवसांत ‘हिंद स्वराज’ लिहून काढले, बोटीच्याच कागदांवर. उजवा हात थकला की डाव्या हाताने लिहीत. केबिनचा असाही उपयोग होतो! जाहीर बोलण्याचा संकोच मात्र पुरता कधीच गेला नाही, असे त्यांनीच म्हटले आहे. त्यामुळे शब्द मोजून वापरायची सवय लागली, म्हणून पुढे त्यांना त्याचे वाईट वाटेनासे झाले.

९ जानेवारी १९१५ रोजी ‘अरेबिया’ बोटीने गांधीजी आणि कस्तुरबा मुंबईला आले. ज्यांनी पावसाळी समुद्राच्या धास्तीने त्यांना थांबवून ठेवले होते, ते लक्ष्मीदास आदल्या वर्षीच वारले होते. गांधीजींच्या अंगावर या वेळी आखूड कोट नव्हता, पांढरे फ्लॅनेल नव्हते, काठियावाडी अंगरखा आणि फेटा होता. आणि ज्या मुंबईत सव्वीस वर्षांपूर्वी या मुलाला निरोप द्यायला जाणाऱ्यास सव्वा रुपया दंड लावला होता, त्याच मुंबईत अपोलो बंदरावर त्यांना पाहायला माणसांची दाटी झाली होती.